विश्लेषण : जुनी डिझेल ‘ऑटोमॅटिक’ गाडी झटके का देते? खोड कोणती आणि बिघाड कोणता?

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावसारख्या गावात दारापुढे ऑटोमॅटिक गाडी दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. समजा, सोयाबीन-हळदीचे पैसे हाती आले, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा म्हणाला, ‘क्लचची कटकट नको’, आणि सात-आठ वर्षे वापरलेली डिझेल गाडी घरी आली. पहिले आठ दिवस कौतुकात जातात. मग एका सकाळी गाडी दुसऱ्या गिअरला अडखळते, चढावर मागे सरकते, ओव्हरटेक करताना क्षणभर दम तोडते. मेकॅनिक म्हणतो, ‘गिअरबॉक्स गेला.’ विकणारा म्हणतो, ‘ऑटोमॅटिक अशीच चालते.’ दोघांपैकी खरे कोण, हे कळले नाही तर चांगला गिअरबॉक्स विनाकारण उघडला जातो किंवा बिघडलेला तसाच दामटला जातो. म्हणूनच ऑटोमॅटिकची खोड आणि बिघाड यांतला फरक समजून घ्यायला हवा.

हा प्रश्न आताच का?

डिझेल ऑटोमॅटिक कौटुंबिक गाड्यांची मोठी लाट देशात साधारण २०१४ ते २०२० या काळात आली. टाटा झेस्ट (२०१४), ह्युंदाई क्रेटा आणि महिंद्रा एक्सयूव्ही ५०० (२०१५), मारुती स्विफ्ट डिझायर आणि टोयोटा इनोव्हा क्रिस्टा (२०१६), होंडा अमेझ (२०१८) अशा अनेक गाड्यांत डिझेल इंजिनासोबत क्लचविना गिअर मिळू लागला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या आणि छोट्या डिझेल गाड्यांचे पर्याय आटले. त्या लाटेतील गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जात आहेत.

यात दिल्लीचाही हातभार आहे. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात निर्बंध आणले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम ठेवले. २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईबाबत काही दिलासा दिला, पण दरम्यान तिथल्या कितीतरी गाड्या ना हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत गेल्या. महाराष्ट्रात दहा वर्षांचा असा नियम नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. म्हणजे २०१६ ची गाडी आज घेतली, तर कागदावर तिचे बरेच आयुष्य बाकी असते. गिअरबॉक्सचे किती बाकी आहे, हे मात्र कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते.

गिअरबॉक्स मुळात करतो काय?

डिझेल इंजिनाची ताकद मोठी, पण ती ठरावीक फेऱ्यांमध्येच मिळते. डिझायरमधील १.३ लिटर डिझेल इंजिनाचे उदाहरण घ्या. त्याची सर्वाधिक ओढ, १९० न्यूटन मीटर, २,००० आरपीएमला मिळते, तर सर्वाधिक शक्ती ४,००० आरपीएमला. त्याखाली, साधारण १,५०० ते १,८०० पर्यंत टर्बोला पुरेसा दाब तयार झालेला नसतो आणि गाडी सुस्त वाटते. त्यापुढे ती एकदम उसळी घेते. यालाच ‘टर्बो लॅग’ म्हणतात.

म्हणून इंजिन सतत या मधल्या पट्ट्यात ठेवणे हे गिअरबॉक्सचे काम. साध्या गाडीत हा निर्णय चालकाचा कान आणि हात घेतात. पुढे चढ दिसला की आपण आधीच गिअर पाडतो. ऑटोमॅटिकमधील संगणकाला चढ दिसत नाही. त्याला फक्त वेग, इंजिनाच्या फेऱ्या आणि तुमच्या पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर कळतो. गाडी चढाला लागून ओढ कमी पडली की मग तो जागा होतो. ‘गाडीला उशिरा कळते’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

‘ऑटोमॅटिक’ म्हणजे एकच प्रकार का?

नाही, आणि सर्वांत जास्त गफलत इथेच होते. एका प्रकारातील नेहमीची चाल दुसऱ्या प्रकारात बिघाडाचे लक्षण असू शकते.

पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टर. क्रेटा, एक्सयूव्ही ५०० आणि क्रिस्टाच्या २.८ लिटर डिझेलमध्ये हा आहे. यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी तेल असते. शेतातल्या पंपाच्या धारेपुढे पंख्याची पाती धरली की ती फिरू लागतात, तसेच इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो आणि त्या माऱ्याने गिअरकडचा पंखा फिरतो. त्यामुळे चाल लोण्यासारखी असते, पण तेल तापते आणि थोडी ताकद वाया जाते. ही गळती टाळण्यासाठी वेग स्थिर झाला की आतला ‘लॉक-अप’ क्लच दोन्ही बाजू एकमेकींना जखडतो.

दुसरा प्रकार एएमटी. झेस्ट, डिझायर, पुढे ब्रेझा आणि नेक्सॉन डिझेल या गाड्यांत तो आहे. हा आपला नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लच प्लेट. फक्त चालकाच्या डाव्या पायाचे आणि डाव्या हाताचे काम यंत्र करते. क्लच दाबला, गिअर बदलला, क्लच सोडला, या तिन्ही पायऱ्या यात आहेतच. म्हणून गिअर बदलताना गाडी मान डोलावते. ती तिची घडणच आहे.

तिसरा प्रकार दुहेरी क्लचचा. फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिडच्या डिझेल गाड्यांत तो ‘डीएसजी’ नावाने आला. विहिरीतून पोहरा ओढताना एक हात दोर सोडतो तेव्हा दुसऱ्याने तो आधीच धरलेला असतो. तसेच एका क्लचवर दुसरा गिअर चालू असताना दुसऱ्या क्लचवर तिसरा तयार असतो. गिअर चटकन पडतात, पण संथ गर्दीत क्लच अर्धवट टेकून घासत राहिले की तापतात.

चौथा प्रकार सीव्हीटी. त्यात ठरावीक गिअरऐवजी दोन पुली आणि मधला पट्टा असतो. डिझेलमध्ये तो दुर्मीळ आहे. अमेझ हे त्याचे ठळक उदाहरण.

आपल्या गाडीत कोणता, हे ओळखायचा सोपा उपाय म्हणजे गिअरच्या दांड्याकडे पाहणे. बहुतेक एएमटी गाड्यांत पार्किंगचा ‘पी’ नसतो. ‘आर’, ‘एन’, ‘ए’ (किंवा ‘डी’) आणि ‘एम’ एवढेच असते. ‘पी’ असेल तर प्रकार उरलेल्या तिनांपैकी एक.

सकाळी थंड गाडी अडखळते, हे ठीक आहे का?

बहुतेक वेळा हो. हिवाळ्याच्या सकाळी गिअरबॉक्समधील तेल घट्ट असते आणि झडपांमधून ते हळू सरकते. संगणकही मुद्दाम खालचा गिअर जास्त वेळ धरतो, म्हणजे इंजिन आणि तेल लवकर तापते. पहिल्या तीन-चार किलोमीटरनंतर चाल सुधारत असेल, तर काळजीचे कारण नाही.

उलट घडत असेल तर मात्र सावध व्हा. थंडीत गाडी छान चालते आणि वीस-तीस किलोमीटरनंतर, तेल तापून पातळ झाल्यावर, गिअर घसरू लागतात. याचा अर्थ आतील सील किंवा क्लच झिजले असण्याची शक्यता आहे. पातळ तेल झिजलेल्या फटींतून निसटते आणि दाब टिकत नाही. सकाळचा अडखळा आणि तापल्यानंतरची घसरण यांतला फरक प्रत्येक ऑटोमॅटिक मालकाने लक्षात ठेवावा.

ओव्हरटेक करताना गाडी ‘विचार’ का करते?

हा प्रश्न पैशांपेक्षा जिवाचा आहे. मराठवाड्यातील बहुतेक प्रवास दुपदरी रस्त्यांवर होतो. पुढे ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर, समोरून एसटी. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता. संगणक आधी ठरवतो की गिअर पाडायचा, मग तो पाडतो, मग टर्बोला दाब भरायला वेळ लागतो. एएमटीमध्ये क्लच उघडून बंद होईपर्यंत चाकांना ताकद मिळतच नाही. सगळे मिळून समजा दीड सेकंद गेला. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे दीड सेकंदात २५ मीटर. समोरची एसटीही त्याच वेगात असेल तर तुमच्यातले अंतर ५० मीटरने घटले आणि तुमच्या गाडीने अजून वेग घेतलेला नाही.

गिअरबॉक्स ठणठणीत असला तरी हा उशीर होणारच. उपाय म्हणजे निर्णय त्याच्यावर न सोडणे. ट्रॅक्टरच्या मागे असतानाच दांडा मॅन्युअलवर घ्या, एक गिअर पाडा, इंजिन २,००० आरपीएमच्या आसपास आले आणि समोरचा रस्ता मोकळा दिसला की मगच बाहेर काढा. घाट उतरतानाही हेच. खालचा गिअर धरला की इंजिन गाडीला रोखते आणि ब्रेक तापत नाहीत. उतारावर ‘न्यूट्रल’मध्ये गाडी सोडून डिझेल वाचवण्याची सवय मात्र धोक्याची आहे. त्यात इंजिनाची रोख संपते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

खरा बिघाड कसा ओळखावा?

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये चार लक्षणे पाहावीत. एक, ‘पी’वरून ‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग धाडकन धक्का बसतो. दोन, गिअर बदलताना इंजिनाच्या फेऱ्या वर जातात, पण गाडीचा वेग वाढत नाही. तीन, स्थिर वेगात, लॉक-अप लागताना, रस्त्यावरच्या रंबल पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर होते. चार, तेल काळे पडले आहे आणि त्याला जळका वास येतो. यातील थरथर कधी कधी योग्य तेल भरल्यावर थांबते, तर बाकीच्या लक्षणांना वेळ लावू नये.

एएमटीमध्ये डोलणे चालते, पण गिअर न पडता पडद्यावर ‘एन’ चमकणे, चढावर क्लच जळाल्याचा वास किंवा रिव्हर्स टाकताना कुरकुर ही खरी लक्षणे. यात क्लच प्लेट झिजणे स्वाभाविक आहे. ती बदलल्यावर यंत्राला नव्या प्लेटचा स्पर्शबिंदू स्कॅनरने पुन्हा शिकवावा लागतो. हे न करता गाडी बाहेर काढली तर नवी प्लेट बसवूनही झटके तसेच राहतात आणि मालकाला वाटते की पैसे पाण्यात गेले.

दुहेरी क्लचमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला संथ चालताना होणारी कंपने आणि तापमानाचा इशारा गंभीर समजावा. कोणत्याही प्रकारात गाडी एकाच मधल्या गिअरमध्ये अडकून राहिली, तर तिने स्वतःला वाचवण्यासाठी ‘लिंप मोड’ घेतला आहे. अशा वेळी गाडी हळू चालवत गॅरेज गाठावे. बंद-चालू करून दामटू नये.

दोष गिअरबॉक्सचा नसूही शकतो?

अनेकदा नसतो, आणि इथेच पैसे वाचतात. डिझेल इंजिनाचे कंपन जास्त असते, त्यामुळे त्याला धरून ठेवणारी रबरी माउंटिंग लवकर थकतात. गॅरेजमध्ये यांनाच ‘फाउंडेशन’ म्हणतात. ते गेले की गिअर टाकताना ठोका बसतो आणि आळ गिअरबॉक्सवर येतो. टर्बोचा पाइप फाटला किंवा ईजीआर झडप काजळीने भरली की ओढ कमी होते. मग संगणक सतत गिअर वर-खाली करत राहतो. चूक इंजिनाची असते, गोंधळलेला गिअरबॉक्स दिसतो.

बॅटरीही कारण ठरते. एएमटीमध्ये क्लच आणि गिअर हलवणारे यंत्र विजेवर चालते. बॅटरी अशक्त झाली की भलतेच इशारे लागतात. बॅटरी बदलल्यावर किंवा तिची तार काढून लावल्यावर काही गाड्यांत संगणकाची शिकलेली सवय पुसली जाते आणि दोन-चार दिवस गिअर कडक पडतात. म्हणून क्रम असा ठेवा : आधी बॅटरी, मग स्कॅनरवरील नोंदी, मग माउंटिंग आणि टर्बोचे पाइप, मग तेल. गिअरबॉक्स उघडणे सर्वांत शेवटी.

‘लाइफटाइम ऑइल’ बदलायचे की नाही?

काही कंपन्यांच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभरासाठी’ असे सुचवलेले असते. प्रश्न इतकाच की आयुष्य कोणाचे? गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी झेडएफ आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याचा सल्ला देते. धूळ, ऊन, भरलेली गाडी आणि चढ यांत चालणारी गाडी ‘कठीण वापर’ या वर्गात मोडते आणि त्या वर्गासाठी पुस्तिकांमध्ये मुदत कमी दिलेली असते. सात-आठ वर्षांची गाडी घेतली आणि तेल बदलल्याची नोंद नसेल, तर पहिला खर्च त्यावर करणे शहाणपणाचे.

मात्र तेल कोणतेही चालत नाही. टोयोटाचे ‘डब्ल्यूएस’, ह्युंदाईचे ‘एसपी-४’, सीव्हीटीचे आणखी वेगळे. एकाच्या जागी दुसरे भरले तर क्लचची पकड बदलते आणि नसलेला दोष सुरू होतो. बऱ्याच गाड्यांत पातळी मोजायची पट्टीही नसते. इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आणून पातळी पाहावी लागते. त्यामुळे हे काम त्या गिअरबॉक्सची माहिती असलेल्या जागीच करावे. गावाहून त्यासाठी नांदेड, अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागले तरी तो प्रवास स्वस्त पडतो.

बंद पडली तर धक्का मारावा की टोचन लावावे?

टॉर्क कन्व्हर्टरची गाडी धक्का मारून सुरू होत नाही. चाके फिरली तरी ती फिरकी तेलातून इंजिनापर्यंत पोहोचत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून, इंजिनाने फिरणारी चाके जमिनीवर असताना ट्रॅक्टरला टोचन लावून गाडी दहा-वीस किलोमीटर ओढली, तर आतले भाग तेलाविना घासतात. साधी बॅटरी उतरलेली गाडी अशा ओढण्याने खरोखर गिअरबॉक्सच्या दुरुस्तीला जाऊ शकते. ती चाके उचलून किंवा पूर्ण गाडी टेम्पोवर चढवून न्यावी. एएमटीतही पुस्तिका पाहिल्याशिवाय धक्का मारू नये.

रोजच्या वापरात तीन गोष्टी पुरेशा आहेत. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय ‘आर’वरून ‘डी’वर जाऊ नका. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, हँडब्रेक लावा. आठवडी बाजाराच्या गर्दीत इंच-इंच सरकू नका, पुढे गाडीभर जागा झाली की मग ब्रेक सोडा. एएमटी आणि दुहेरी क्लचचे आयुष्य या तिसऱ्या सवयीवर फार अवलंबून असते.

घेण्याआधी अर्ध्या तासात काय पाहाल?

विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी थंड हवी. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागले तर सकाळचे दोष झाकले गेले असू शकतात. ब्रेक दाबून ‘डी’, ‘एन’, ‘आर’ असे सावकाश बदला आणि किती वेळात, किती धक्क्याने गिअर पडतो ते पाहा. मग किमान वीस किलोमीटर चालवा : आधी गावातून संथ, मग मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगात आणि शेवटी एखाद्या चढावर थांबवून पुन्हा निघा. परत आल्यावर स्कॅनर लावून नोंदी काढून घ्या. गाडी परराज्यातील असेल तर ना हरकत प्रमाणपत्र, पुन्हा नोंदणी आणि राज्याचा कर यांचा हिशेब किमतीत धरा. बाहेरच्या राज्यातील क्रमांकावर गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

जीएसटीचाही विचार करा. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,५०० सीसीपर्यंतच्या नव्या डिझेल गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. नव्या गाडीची किंमत उतरली असताना जुनीचा भाव जुन्याच हिशेबाने देऊ नका.

मग घ्यावी की नाही?

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पीककर्जाच्या प्रश्नावर स्वतःचे अवयव विक्रीला काढण्याचे टोकाचे पाऊल उचलून गोरेगावच्या शेतकऱ्यांनी राज्याचे लक्ष वेधले होते. अशा गावात चुकीच्या गाडीत अडकलेले पैसे म्हणजे पुढच्या पेरणीचे बियाणे-खत. त्यामुळे उत्तर ‘ऑटोमॅटिक नकोच’ असे नाही, पण ‘चालते तशी घेऊ’ असेही नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला किंवा नव्याने गाडी शिकणाऱ्या मुलीला क्लचविना गाडी खरोखर सोयीची असते. फक्त प्रकार ओळखून घ्या, तेलाचा हिशेब मागा आणि दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवूनच व्यवहार करा. तेवढे बाजूला ठेवण्याइतकी ऐपत नसेल, तर साध्या गिअरची गाडी आज तरी जास्त भरवशाची. तिची क्लच प्लेट तालुक्याच्या गावीही बदलून मिळते.